करडी ते लाखांदूर, पोटाशी अकरा अंडी

पवनीच्या पुढे भर रस्त्यावर मी माझ्या विहिणीला मिठी मारून उभी होते आणि आमच्या दोघींच्या पोटांच्या मधे अकरा अंडी होती. गाडीचं मागचं चाक रेतीत रुतलं होतं, उतारू सगळे खाली उतरले होते, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवरून (भातखाचरांवरून) पौषाचा वारा सरळ आमच्या अंगावर येत होता. अंडी थंड पडायला लागली होती. ती थंड पडली असती तर माझ्या मुलीच्या घरी पुन्हा कधी कोंबडी दिसली नसती. ज्या बाईशी मी चार वर्षं बोलले नव्हते, तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. तिच्या तोंडाला गुडाखूचा (दात घासायच्या तंबाखूचा) वास येत होता. माझ्या तोंडाला कशाचा येत होता ते तिला विचारा.

"ढिल्या काहून पडता? दाबा ना जी," ती म्हणाली.

"दाबलं तं फुटतील."

"नाही दाबलं तं मरतील."

गाडीभर लोक आमच्याकडे बघत होते.

शशिकला माझी मुलगी. आमचं गाव करडी, आणि तिला दिली लाखांदूरच्या पुढे दोन कोसांवर. ही गोष्ट सन एकोणऐंशी-ऐंशीच्या हिवाळ्यातली, तेव्हा तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. तिने सासरी कोंबड्या पाळल्या होत्या, चौदा. त्या पावसाळ्यात गावात कोंबड्यांची मरी आली आणि एक लाल कोंबडी सोडून सगळ्या गेल्या. सासू तिला म्हणाली, तुझ्या हाताला पिल्लं लागत नाहीत, पुरे कर आता, टोपलं चुलीत घाल. शशीने टोपलं चुलीत घातलं नाही. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा ती लाल कोंबडी त्याच टोपल्यात घालून माझ्या हाती दिली. सासूशी तिचं ठरलं होतं. या कोंबडीची पिल्लं निघाली तर कोंबड्या राहतील. नाही निघाली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

ही सासू म्हणजेच माझी विहीण. आमच्याकडे ईहीन म्हणतात. तिचं-माझं बोलणं शशीच्या लग्नाच्या दिवसापासून बंद. वऱ्हाडाचा जानोसा (मुक्काम) मी गावाबाहेरच्या शाळेत दिला होता. मांडवात सगळ्यांसमोर ती म्हणाली, आम्हाला म्हशींसारखं गावाबाहेर बांधलं. मी म्हटलं, म्हशी एवढी तक्रार करत नाहीत. झालं. मांडवात विहिणी एकमेकींना कवटाळून भेटतात, ती भेट राहूनच गेली. दोघीही हात खाली सोडून उभ्या राहिलो आणि फोटोवाल्याने शेवटी नवरदेवाच्या बुटांचा फोटो काढला.

लाल कोंबडी माझ्याकडे बारा अंड्यांवर बसली. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात, तसा निरोप मी धाडला. न्यायला शशीच यायची होती, पण तिचं लेकरू अंगावर पीत होतं आणि जावयाचं खळ्यावर काम चालू होतं, म्हणून ईहीन आली. आली ती दोन दिवस आधीच. काहून आली ते मी विचारलं नाही, कारण आम्ही बोलत नव्हतो. ती छपरीत (पडवीत) बसली. मी चुलीपाशी. मधे आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक. ती त्यांना म्हणायची, घरात सांगा चहात साखर जास्त झाली. मी त्यांना म्हणायची, छपरीत सांगा उद्यापासून टाकतच नाही. ते बिचारे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे, आणि काहीच सांगत नसत. आम्हाला सगळं ऐकू येतच होतं.

दुसऱ्या सकाळी उठून पाहते तर टोपलं आडवं, पिसं अंगणभर, आणि लाल कोंबडी मेलेली. मुंगसाचं काम. अंडी मात्र बाराच्या बारा गवतात शाबूत होती आणि अजून कोमट होती. तो विसावा दिवस होता.

मी आख्खं गाव पालथं घातलं. खुडूक कोंबडी (अंड्यांवर बसायला आलेली) एकाही घरी मिळाली नाही. एकीकडे होती, पण तिच्याखाली आधीच पंधरा अंडी. घरी परत आले तर मालकांनी तोवर एक अंडं चुलीच्या वैलावर (जोडचुलीवर) ठेवून पाहिलं होतं, म्हणाले ऊब तर ऊब. ते अंडं शिजलं. आत काय होतं ते मी सांगत नाही.

तेव्हा ईहीन छपरीतून उठली आणि चार वर्षांनंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"आमच्या शेजारनीची कोंबडी खुडूक हाये. चार दिसांपासून रिकाम्या टोपल्यात बसून राहिली. हे अंडे तिच्याखाली द्या."

"तुमचं गाव काय इथं हाये? जातपरेंत थंडे होतील."

तिने आपल्या पोटावर हात ठेवला. मी तिच्या पोटाकडे पाहिलं. मी काटकुळी आहे, माझ्या पोटावर अंडं ठेवलं तर घरंगळून गुडघ्यावर येतं. तिचं पोट मात्र पाहण्यासारखं होतं. मी खोटं बोलत नाही.

जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, अकरा अंडी त्यात एका थरात मांडली, आणि ती पट्टी तिच्या पोटाला आतून बांधली. वरून लुगडं, वरून चादर. बांधताना मला तिच्या कमरेभोवती दोनदा हात घालावे लागले. दोन्ही वेळा आम्ही छताकडे पाहत होतो.

करडीहून भंडाऱ्याची गाडी नेहमीसारखी भरलेली होती. पण दोघींना मिळून एक बाक मिळाला. बाक दोघींचा होता खरा, पण ईहीनच दीड होती. मी अर्ध्या जागेवर बसले आणि उरलेली मी हवेत. मोठा खड्डा आला की मी तिच्यावर आणि ती खिडकीवर. माझं काम एकच होतं, कोपर बाहेर काढून माणसं लोटायची. ते मला चांगलं जमतं.

थोडं गेल्यावर ती मान खाली घालून घशातून आवाज काढायला लागली. कुक, कुक, कुक. मला वाटलं हिला मळमळतं आहे. तिने सांगितलं की शेवटच्या दोन दिवसांत कोंबडी अंड्यांशी बोलते. पिल्लं आतून ऐकतात, आवाज शिकतात, मग बाहेर आल्यावर त्याच आवाजामागे जातात. कोणी बोललंच नाही तर बाहेर येऊन कोणामागे जातील?

मला हे पटलं. माझ्या घरी आदल्या दिवसभर कोणी कोणाशी बोललं नव्हतं आणि त्या कोंबडीलासुद्धा अवघडल्यासारखं झालं असेल. पण माझ्या शेजारी भर गाडीत कुकुक करणारी बाई बसली होती आणि लोक माझ्याकडे बघत होते, जणू मीच तिला डॉक्टरकडे घेऊन चालले आहे.

भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरलो. लाखांदूरच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी शिदोरी सोडली. तांदळाच्या भाकरी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ईहीनचे दोन्ही हात पोटाखाली, अंड्यांना आधार देऊन. हात काढायची सोय नव्हती. मी एकटीच खायला लागले. दोन घास खाल्ले आणि ती समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचायला लागली. तिला वाचता येत नाही. मग मी एक घास मोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला. तिने आधी घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंड उघडलं.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

"अंड्याले कळते काय मीठ?"

"अंड्याले नाही, मले कळते."

पुढच्या वड्यावर मी मीठ जरा जास्तच भुरकवलं. तिने तोही खाल्ला. समोरचा आलूबोंडेवाला हे सगळं बघत होता. त्याने आपण होऊन पाण्याचा गिलास आणून दिला आणि मला म्हणाला, "बहिनीची लई सेवा करून राहिल्या माय." बहीण नव्हे, असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण त्यात भाकर होती.

लाखांदूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत कुठे तरी शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) होता आणि सगळे तिकडेच चालले होते. दोन माणसं एका जागेवरून भांडत होती. एकाचा पांढरा टॉवेल, एकाची खाकी टोपी. टोपीवाला म्हणे मी रुमाल टाकला होता, टॉवेलवाला म्हणे रुमालाला बसायचं असेल तर बसू दे. शेवटी दोघं अर्धे-अर्धे बसले. अड्याळ येईपर्यंत टोपीवाल्याचं डोकं टॉवेलवाल्याच्या खांद्यावर होतं, आणि टॉवेलवाला तो जागा होऊ नये म्हणून हात न हलवता बिडी कशी पेटवावी या विचारात होता. मी पुष्कळदा पाहिलं आहे. माणूस गर्दीत आधी अंग चोरतो, मग टेकतो, मग झोपतो. झोपलेल्या माणसाशी कोण किती भांडणार?

आम्ही दोघी उभ्या होतो. एका बाईने ईहीनच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच उठून जागा दिली. कंडक्टरलाही ओरडली की पोटुशी बाईला उभं ठेवता, डोळे आहेत की नाहीत. ईहीनचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. केस अर्धे पांढरे. त्या बाईने हळूच मला विचारलं, "कितवा महिना?"

"वीस दिस झाले," मी म्हटलं. "उद्या होतील. अकरा हायेत."

ती बाई पवनी येईपर्यंत मधूनमधून बोटं मोजत होती.

पवनी सोडल्यावर समोरून पटाच्या बंड्या (बैलगाड्या) आल्या, दहा-बारा एका मागे एक, बैलांना झुली घातलेल्या. त्यांना वाट द्यायला ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि मागचं चाक रेतीत बसलं. सगळे उतरा, धक्का मारा. बायासुद्धा.

गाडीत ऊब होती. आम्हाला ती कळली नव्हती, कारण आम्ही तिच्यावर चिडत होतो. पन्नास-साठ माणसांची अंगं, बिड्या, तोंडाच्या वाफा. खाली उतरलो आणि ते सगळं एका झटक्यात गेलं. ईहीनने पोटावर हात फिरवला. आतली बाजू गरम होती, पण बाहेरची बाजू गार पडत चालली होती. ड्रायव्हर चांगला माणूस होता, म्हणाला इंजिनावर ठेवा. ईहीन म्हणाली, एक अंडं आधीच शिजवून झालं आहे. मग माझ्याकडे वळली.

"या इकडून."

"कुठून?"

"समोरून. आता का पत्रिका धाडू?"

अशी ती मिठी झाली. चादर दोघींच्या भोवती. सुरुवातीला जमेना, कारण दोघींनी एकदम श्वास घेतला की अंड्यांवर दाब येई. मग तिने घेतला की मी सोडायचा, मी घेतला की तिने, असं बसवलं. एवढी साधी गोष्ट, पण जमेपर्यंत घाम फुटला. घाम अंड्यांना चांगलाच.

लोकांनी आधी गंमत केली. टोपीवाला म्हणाला, ह्या म्हाताऱ्या कुस्ती खेळून राहिल्या काय. तो आणि टॉवेलवाला आता दहा हातांवर उभे होते आणि त्याच रुमालावरून पुन्हा भांडायला लागले होते. मी ओरडून सांगितलं की आत पिल्लं आहेत, वाऱ्याला आडवे उभे राहा, तोंडं नंतर चालवा. काय आश्चर्य, राहिले. जागा देणारी बाई आली, तिच्या मागे तिच्या ओळखीच्या दोघी, मग ते दोघं भांडखोर, आणि आमच्याभोवती माणसांची भिंत झाली. ज्यांना भिंतीत जागा मिळाली नाही ते गाडीला धक्का मारायला गेले.

तेवढ्यात माझ्या पोटाला टोचलं. सुईसारखं, बारीक. म्हटलं तिची नथ-बिथ पडली असेल. पुन्हा टोचलं. आणि आतून आवाज आला, चिक.

"तुमी केलं?" तिने विचारलं.

"मी कायले चिक करू?"

तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. मी म्हटलं हसू नका, फुटतील, आणि मलाच हसू आलं. दोन म्हाताऱ्या, मधे अकरा अंडी, हसणं दाबायचं आणि श्वास आळीपाळीने घ्यायचा. यापेक्षा रोवण्याला (भातलावणीला) दिवसभर चिखलात वाकलेली बरी. मग ती हसायची थांबली, हनुवटी तशीच माझ्या खांद्यावर, आणि तिने विचारलं.

"आमाले शाळेत काहून ठेवलं होतं?"

मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझं. म्हणून बोलता आलं असेल.

"शाळेपाशी हिर (विहीर) हाये. मांडवापाशच्या हिरीचं पानी आटलं होतं. तुमच्या मानसाईले आंघोळीले पानी पायजे म्हनून."

 श्वास पाळीने चालूच होता.

"मंग हे चार वरसांत काहून नाही सांगितलं?"

"तुमी जवळ कुठं आल्या?"

तिने "हं" केलं. तिने माफी मागितली नाही आणि मीही म्हशीचं बोलणं मागे घेतलं नाही. पण तिने कुक कुक सुरू केलं आणि थोड्या वेळाने मीही केलं. मला ते आजवर येत नव्हतं. तिच्या गळ्याला माझा गळा लागलेला होता, घशातून आवाज कुठून निघतो ते मला थेट कळलं. समोर बसून कोणी वर्षभर शिकवलं असतं तरी आलं नसतं.

गाडी निघाली. आम्ही तशाच, एकमेकींना धरून, आडव्या चालत पायऱ्या चढलो. यावेळी आम्हाला आख्खा बाक दिला आणि तो दिल्यावर सगळे आमच्यावर वाकून उभे राहिले, कारण प्रत्येकाला चिक ऐकायचं होतं. लाखांदूरपर्यंत त्या गाडीत कोणी मोठ्याने बोललं नाही. फक्त मधूनमधून कोणी विचारत होतं, "आलं काय?"

लाखांदूरहून पुढे बंडी. बंडीवाला जावयाच्या ओळखीचा निघाला. रस्ता असा की त्याला रस्ता म्हणणं हा त्याचा मान आहे. एका खळग्यात बंडी आदळली आणि आमच्यामधलं एक अंडं फुटलं. त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी, मुळातच वांझोटं. ते आमच्या दोघींच्या लुगड्यांतून खाली गेलं आणि त्याचा वास बैलांनाही आवडला नाही.

दिवस मावळायच्या आत पोचलो. शशी लेकरू कडेवर घेऊन दारात आली आणि तिची आई व तिची सासू एकमेकींना घट्ट धरून बंडीतून उतरताना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं घरात कोणी गेलं.

"कोन गेलं, माय?"

"लाल कोंबडी गेली," ईहीन म्हणाली. "बाकी सगळे हाये. शेजारनीले हाक मार."

चादर सोडली. दहा अंडी होती म्हणायची, पण खरं तर नऊ अंडी आणि एक ओलं पिल्लू होतं. टरफल तिच्या बाजूला, पिल्लू माझ्या बाजूला. शशी खाली बसली आणि नुसती बघत राहिली. मग सासूकडे पाहून विचारलं, "लागते काय आता माझ्या हाताले?" ईहीन म्हणाली, "तुझ्या हाताले कायले? माझ्या पोटाले लागले," आणि पिल्लू उचलून सुनेच्या ओंजळीत दिलं. बोलायची पद्धत तिची तीच.

शेजारणीच्या कोंबडीने अंडी घेतली, पण आधी ईहीनच्या मनगटाला कडकडून चोच मारली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी आठ निघाली. एक अंडं निघालंच नाही. मी चार दिवस राहिले. पिल्लं कोंबडीमागे जायची, अंगणात हिंडायची, आणि ईहीन भांडी घासता घासता कुक कुक म्हणाली की कोंबडीला सोडून सगळी तिच्याकडे पळायची. मी कुक कुक म्हटलं की फक्त ते पहिलं पिल्लू माझ्याकडे यायचं. शेजारणीची कोंबडी रागाने तिच्याकडे बघायची. ईहीनला त्याचा एवढा अभिमान वाटायला लागला की ती दिवसभर कामाशिवाय अंगणात जाऊन बसे. सुनेला म्हणे, मी बघते, तू लेकरू बघ.

निघताना ईहीन बंडीपर्यंत आली. आम्ही गळ्यात पडलो वगैरे नाही. एवढ्यात ते पुष्कळ झालं होतं. तिने एका कापडात वडे बांधून दिले. मीठ भरपूर होतं.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. पट संपला होता. खिडकीपाशी एक आख्खा बाक मला एकटीला मिळाला, पाय पसरता आले, कोपर कुठे लावायची गरज नव्हती. पवनी येईपर्यंत मी कुडकुडत बसले. मग उठले आणि पुढे एक जाडजूड, अनोळखी बाई बसली होती तिच्या बाकावर जाऊन बसले. तिने रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं, थंडी वाजते. तिने जरा विचार केला आणि सरकली. अड्याळपर्यंत तिने मला तिच्या तिन्ही सुनांबद्दल सांगितलं. लांब बसली असती तर एकीबद्दलही कळलं नसतं. आणि मला वाटतं आमच्या मांडवात विहिणींना एकमेकींना कवटाळायला लावतात ते बरोबर आहे, फक्त मधे काही फुटणारं ठेवायला हवं, म्हणजे दोघी नीट धरतील.

त्या पिल्लांतलं एक घारीने नेलं. एक पाण्याच्या परातीत पडलं. नऊपैकी सात जगली, शशीच्या अंगणात आजही त्यांचीच पैदास आहे. मी जगले, ईहीन जगली.